बंद दार, वाचलेला फोन आणि न बोलणारा मुलगा

वाचकाचे पत्र : माझा मुलगा साडेचौदा वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत शाळेतून आला की दप्तर ठेवण्याआधीच दिवसभराची हकीकत सांगायला सुरुवात करायचा. गेल्या सहा महिन्यांपासून तो खोलीचे दार लावून बसतो. काही विचारले की ‘काही नाही’ किंवा ‘तुला नाही कळणार’ एवढेच उत्तर मिळते आणि जास्त विचारले की आरडाओरडा होतो. संध्याकाळी खेळायला जाणे बंद झाले आहे; चित्रे मात्र अजून काढतो. एका रात्री तो झोपल्यावर मी त्याचा फोन उघडला. जुन्या मित्रांनी त्याला ग्रुपमधून काढून टाकले आहे आणि त्याची कमी उंची व अजून न फुटलेला आवाज यांवरून ते त्याला सतत चिडवतात, हे मला त्यातून कळले. एका मुलाला त्याने लिहिले होते, ‘मी नसलो तरी कोणाला काय फरक पडणार आहे.’ मी फोन पाहिल्याचे त्याच्या लक्षात आले आणि तेव्हापासून तो माझ्याशी जवळजवळ बोलतच नाही. माझे पती म्हणतात, हे वयच असे असते, आपोआप निवळेल, तू उगाच बाऊ करतेस. फोन तपासणे चालू ठेवावे का? शाळेत तक्रार करावी का? आणि हे वयाचे आहे की आजाराचे, हे ओळखायचे कसे? — एक आई

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, परंतु त्यांच्या आधी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याकडे वळणे भाग आहे. (या उत्तराचा पुढचा एवढा भाग सदरात येण्याची वाट न पाहता तुम्हाला स्वतंत्रपणे कळवला आहेच, इतर वाचकांसाठी तो येथेही देत आहे.) ‘मी नसलो तरी कोणाला काय फरक पडणार आहे’ असे वाक्य अनेक मुले निराशेच्या किंवा रागाच्या भरात लिहून जातात आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार नसतो, हे खरे आहे. तुमच्या मुलाच्या मनात तो आहे की नाही, हे मात्र मला येथून किंवा तुम्हाला दाराबाहेरून कळणार नाही. ते त्यालाच विचारावे लागेल, आणि लवकरात लवकर विचारावे लागेल.

असे थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू, अशी धास्ती बहुतेक पालकांना वाटते. आजवर झालेल्या अभ्यासांत या धास्तीला आधार सापडलेला नाही. विचारल्यामुळे धोका वाढत नाही, आणि ज्याच्या मनात तसे काही घोळत असते त्याला ते कोणापाशी तरी बोलता आल्यामुळे बऱ्याचदा हलकेच वाटते. प्रश्न मात्र आडवळणाचा नसावा. ‘असले वेडेवाकडे विचार नाहीत ना तुझ्या मनात?’ या प्रश्नात हवे असलेले उत्तर आपण आधीच भरून ठेवलेले असते आणि मुलगा निमूटपणे तेच परत करतो. त्याऐवजी असे म्हणता येईल : ‘तू लिहिलेले ते वाक्य मी वाचले आहे. मी तुझा फोन उघडला त्याबद्दल मला तुझ्याशी वेगळे बोलायचे आहे, पण आधी एक विचारते. तुला कधी मरून जावेसे वाटते का? स्वतःला काही इजा करून घ्यावीशी वाटते का?’ एवढे बोलून थांबावे आणि नंतरची शांतता, ती कितीही लांबली तरी, स्वतःच्या बोलण्याने भरून काढू नये.

तो ‘हो’ म्हणाला, तर तुमच्या डोळ्यांत पाणी येणे स्वाभाविक आहे. फक्त तुम्हाला सावरण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊ नये. त्याला शपथ घालणे, ‘आमचा विचार तरी केलास का’ असे म्हणणे, किंवा ही गोष्ट कोणालाही सांगणार नाही असे वचन देणे टाळावे, कारण ते वचन तुम्हाला पाळता येणार नाही. असे कधीपासून वाटते, किती वेळा वाटते, काही करायचे ठरवले आहे का, हे शांतपणे विचारावे. त्याने काही ठरवले असेल, किंवा आधी एखादा प्रयत्न केलेला असेल, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे, आणि घरातील औषधे, कीटकनाशके व धारदार वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा बंदोबस्तात ठेवाव्यात. तो ‘नाही’ म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा, पण हा विषय कायमचा मिटला असे समजू नये. ‘कधी वाटलेच तर रात्री कितीही वाजले असले तरी मला उठव’ हे वाक्य त्याच्या कानावर एकदा तरी पडू द्यावे. आवडत्या वस्तू वाटून टाकणे, आपण सगळ्यांना ओझे झालो आहोत असे बोलणे, हातापायांवर जखमांच्या खुणा दिसणे किंवा उकाड्यातही त्या पूर्ण बाह्यांखाली झाकणे, दीर्घ उदासीनंतर काही कारण नसताना एकाएकी निश्चिंत दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर प्रश्न पुन्हा विचारायचा आणि तज्ज्ञांची मदत घ्यायची.

आता फोनविषयी. त्या रात्री तुम्ही तो उघडला म्हणून तुम्हाला महत्त्वाची गोष्ट कळली, हे नाकारता येणार नाही आणि तुम्ही वाईट आई आहात असेही मला वाटत नाही. तरीही यापुढे तो चोरून तपासू नये, असेच माझे मत आहे. त्याला खासगीपणाचा हक्क आहे हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. हाकान स्टाटिन आणि मार्गारेट कर या दोन संशोधकांनी २००० साली स्वीडनमधील १४ वर्षांच्या सातशेहून अधिक मुलांचा व त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या दैनंदिन आयुष्याविषयी पालकांना जी माहिती असते ती त्यांच्याकडे येते कोठून, असा त्यांचा प्रश्न होता. पालकांची देखरेख, चौकश्या आणि नियम यांतून ती येत असणार, असे तोवर गृहीत धरले जात असे. त्या अभ्यासात असे दिसले की या माहितीचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे मुलांनी आपण होऊन केलेले बोलणे होय. ज्या घरात मूल स्वतःहून सांगते त्या घरातील पालकांना खरोखर माहीत असते, आणि ज्या घरात ते सांगत नाही तेथे चौकश्या वाढवूनही फारसे हाती लागत नाही.

तुमच्या घरात नेमका हाच झरा आटला आहे. तुमच्या मुलाने आतापर्यंत पासवर्ड बदलला असेल, संदेश पुसायला सुरुवात केली असेल, किंवा जे सांगायचे ते तुमच्या हाती न लागणाऱ्या ठिकाणी सांगत असेल. फोन तपासत राहिलात तर तुम्हाला कमी कमी कळत जाईल आणि तो अधिकाधिक दूर जाईल, म्हणजे ज्यासाठी हे करायचे तोच हेतू फसेल. म्हणून पहिले काम क्षमा मागण्याचे. ती मागताना ‘पण’ हा शब्द येऊ देऊ नये. ‘मी चुकले, पण तू काही सांगतच नव्हतास’ या वाक्यात क्षमा उरत नाही, आरोप तेवढा उरतो. ‘तुला न विचारता मी तुझा फोन वाचला. तुला राग आला तो बरोबर आहे. मी पुन्हा असे करणार नाही. तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले आणि फोन पाहावाच लागला, तर तुझ्या समोर, तुला सांगून पाहीन,’ एवढे पुरे आहे. या बोलण्यावर तो काहीच बोलणार नाही, कदाचित उठून जाईल. त्याने तत्काळ माफ करावे ही अपेक्षा ठेवणे म्हणजे क्षमा मागण्याच्या निमित्ताने त्याच्याकडून आणखी काही मागणे आहे.

उघड नियम आणि छुपी टेहळणी यांत मोठा फरक आहे, तो अशा वेळी लक्षात ठेवावा. रात्री ठरावीक वेळेनंतर घरातील सर्वांचे फोन, तुमचे आणि तुमच्या पतींचेही, झोपण्याच्या खोल्यांबाहेर एका ठिकाणी ठेवायचे, असा नियम करायला काहीच हरकत नाही. १३ ते १८ या वयात रात्री ८ ते १० तास झोपेची शिफारस केली जाते, आणि याच वयात झोप आणणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे रात्री उशिरा सुरू होऊ लागते. त्यामुळे मुलगा उशिरापर्यंत जागा असतो त्यात सगळाच हट्टीपणा नसतो. शरीराचाही त्यात हात असतो. ग्रुपवर आपल्याविषयी काय बोलले जात आहे या धास्तीने हातात धरलेला फोन ही उरलीसुरली झोपही खातो.

यानंतर मित्रांनी दिलेल्या दुःखाकडे येऊ. ‘असल्या मित्रांची गरजच काय? दुसरे मिळतील,’ हे वाक्य तुमच्या घरात अजून कोणी बोलले नसेल तर बोलू नये, आणि बोलले गेले असेल तर ते पुन्हा होऊ नये. नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना प्रौढ स्वयंसेवकांना संगणकावर चेंडू टाकण्याचा एक साधा खेळ खेळायला दिला होता. पडद्यावरच्या इतर दोन खेळाडूंनी थोड्या वेळाने त्यांच्याकडे चेंडू टाकणे बंद केले, तेव्हा शारीरिक वेदनेशी ज्यांचा संबंध जोडला जातो अशा मेंदूच्या काही भागांत हालचाल वाढलेली दिसली. अनोळखी माणसांबरोबरचा, काही मिनिटांचा, निरर्थक खेळ, आणि तरीही वगळले जाणे मोठ्या माणसांना लागले. मग रोज ज्यांच्याशेजारी बसायचे त्या मुलांनी सहा महिने एखाद्याला वगळले, तर त्या मुलाला काय होत असेल, याची कल्पना करावी.

शिवाय या वयात समवयस्कांचे मत हेच स्वतःकडे पाहण्याचे मुख्य साधन झालेले असते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली किशोरवयीन मुलांच्या ‘काल्पनिक प्रेक्षकां’ची कल्पना मांडली : आपण सतत कोणाच्या तरी नजरेखाली आहोत, प्रत्येक जण आपला मुरूम, आपले केस, आपला आवाज टिपतो आहे, असे या मुलांना वाटत राहते. इतर मुलांच्या बाबतीत ‘अरे, तुझ्याकडे कोणी बघत नाही’ असे सांगून थोडा धीर देता येतो. तुमच्या मुलाला तो देता येणार नाही, कारण त्याचे प्रेक्षक खरे आहेत आणि ते लेखी स्वरूपात हसत आहेत. त्याने दार लावून घेणे हे मला उद्धटपणापेक्षा प्रेक्षकांपासून सुटका करून घेणे वाटते. त्या खोलीत तरी त्याला कोणी मोजत नाही.

त्याच्याशी बोलायचे ते म्हणूनच समोर बसवून बोलू नये. डोळ्यांत डोळे घालून केलेली चौकशी ही त्याच्या दृष्टीने आणखी एक तपासणी असते. बरोबर चालताना, गाडीतून जाताना, एखादे काम शेजारी उभे राहून करताना, म्हणजे दोघांचीही नजर दुसरीकडे असताना, मुले अधिक बोलतात. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि तो नेहमी मित्रांविषयीच असू नये. तो काढत असलेल्या चित्रांविषयी विचारता येईल, केवळ सोबत शांत बसताही येईल. तो काही सांगू लागला तर पहिल्या दहा वाक्यांत उपाय सुचवू नये. ‘मग तू सरांना का नाही सांगितलेस?’ हा प्रश्न आपल्याला मदतीचा वाटतो, पण मुलाला त्यातून ‘चूक तुझीच’ असे ऐकू येते. ‘हे फारच वाईट वागले ते. मी काही करावे असे तुला वाटते, की नुसते ऐकावे?’ असे विचारून पाहावे. बहुतेक वेळा सुरुवातीला तो ‘नुसते ऐक’ असेच म्हणेल.

आता त्या चिडवण्याच्या विषयाकडे, म्हणजे उंचीकडे आणि आवाजाकडे. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख एका ओळीत केला आहे, पण माझ्या मते गाठ येथे आहे, आणि येथे काही तरी लगेच करण्यासारखेही आहे. मुलगे वयात येण्याची सुरुवात साधारणपणे ९ ते १४ वर्षे या काळात केव्हाही होऊ शकते. एकाच वर्गात, एकाच वयाच्या मुलांमध्ये कोणाला मिसरूड फुटलेले असते तर कोणी अजून लहान मुलासारखा दिसतो, आणि दोघेही निरोगी असतात. वयात येण्याचे पहिले चिन्ह म्हणजे वृषणांची वाढ. झपाट्याने उंची वाढणे आणि आवाज फुटणे या त्यानंतर बऱ्याच काळाने घडणाऱ्या गोष्टी आहेत. त्यामुळे साडेचौदाव्या वर्षी आवाज फुटलेला नसणे म्हणजे काही बिघाड आहेच असे नाही. तरीही १४ वर्षे पूर्ण झाल्यावर ते पहिले चिन्हही दिसत नसेल, तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, असा वैद्यकीय संकेत आहे. ते चिन्ह दिसते की नाही, हे आईने मुलाला विचारणे अवघड आहे आणि विचारूही नये. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांची, गरज पडल्यास संप्रेरकांच्या तज्ज्ञांची, एक भेट पुरते. ते त्याची आजवरची उंची पाहतील, तपासणी करतील, कदाचित डाव्या हाताच्या व मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतील. बहुतेक मुलांच्या बाबतीत निष्कर्ष एवढाच निघतो की शरीराचे वेळापत्रक थोडे मागे आहे आणि वाढ होणार आहे. डॉक्टरांनी मुलाशी काही वेळ एकट्याशी बोलावे, अशी विनंती तुम्ही आधीच करून ठेवावी.

ही उशिरा होणारी वाढ पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते, आणि येथे तुमच्या पतींचे काम सुरू होते. त्यांचा आवाज कितव्या वर्षी फुटला, त्यांची उंची कधी वाढली, हे त्यांना विचारावे. तेही उशिराच वाढले असतील, वर्गाच्या रांगेत पहिल्या क्रमांकावर उभे राहिले असतील, तर त्यांनी ते मुलाला सांगायला हवे. उपदेश म्हणून ‘मी पण सहन केले, मग तू का नाही’ अशा सुरात ते सांगितले तर काही उपयोग नाही. तेव्हा त्यांना कसे वाटायचे, कोणत्या नावाने हाक मारायचे, कोणाचा राग यायचा, हे सांगावे. तुम्ही दहा वेळा ‘वाढशील रे’ म्हणाल त्यापेक्षा वडिलांची ही एक आठवण त्याला अधिक पटेल, कारण तो पुरावा त्याच्याच घरात उभा असेल. आणि तसे घडले नसेल, तर त्यांनी ओढूनताणून काही रचू नये. मुलांना ते तत्क्षणी कळते.

‘हे वयच असे असते’ हे तुमच्या पतींचे म्हणणे पूर्ण चूक नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल यांनी १९०४ साली किशोरावस्थेवरील आपल्या दोन खंडी ग्रंथात या वयाचे वर्णन वादळाचा आणि ताणाचा काळ असे केले, आणि तेव्हापासून ही कल्पना घराघरांत पोहोचली आहे. तिच्यात तथ्यही आहे. भावनांशी आणि बक्षिसाच्या ओढीशी निगडित असलेल्या मेंदूच्या यंत्रणा या वयात फार जागृत असतात आणि आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. पालकांशी होणाऱ्या खटक्यांवरील अनेक अभ्यास एकत्र करून १९९८ साली केलेल्या विश्लेषणात असे आढळले की अशा खटक्यांची संख्या किशोरावस्थेच्या सुरुवातीला सर्वाधिक असते व पुढे घटत जाते. मधल्या वर्षांत मात्र त्यांची धार वाढते. म्हणजे वाद कमी पण जहाल, असा काळ तुमच्या घरी आला असेल तर त्यात नवल नाही. दार लावून घेणे, आईपेक्षा मित्रांना महत्त्व देणे, कपड्यांवरून आणि वेळांवरून भांडणे, हे सारे वयात जमा करता येईल.

परंतु हॉल यांच्यानंतरच्या संशोधनातून हेही स्पष्ट झाले आहे की बहुसंख्य मुले हा काळ मोठ्या मानसिक पडझडीशिवाय पार करतात. पतींपुढे हाच मुद्दा ठेवावा. पडझड ही जर या वयाची सर्वसाधारण अवस्था नसेल, तर ज्या मुलाने खेळणे सोडले, मित्र गमावले आणि ‘मी नसलो तरी’ असे लिहिले, त्याच्याबद्दल ‘वय आहे’ म्हणून स्वस्थ बसता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. हे प्रमाण घाबरून जाण्याइतके नाही, पण दुर्लक्ष करण्याइतके लहानही नाही.

वय आणि आजार यांतली रेषा कोठे ओढायची, हा तुमचा तिसरा प्रश्न होता. किशोरवयातील नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही. मुलग्यांमध्ये विशेषतः ते चिडचिडीच्या रूपाने येते, आणि घरातले त्याला ‘तोंड सुटले आहे’ असे समजतात. असा मूड दिवसाचा बहुतेक काळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकला आहे का, हे पाहावे. त्याच्या जोडीने झोप आणि भूक बदलली आहे का, अभ्यासात लक्ष लागेनासे झाले आहे का, सतत थकवा आहे का, आपण निरुपयोगी आहोत असे तो बोलतो का, हे पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या गोष्टी एकट्याने करता येतात त्यांतलाही रस गेला आहे का? खेळणे त्याने सोडले, पण खेळाच्या मैदानावर तीच मुले असतात, तेव्हा ते सोडण्याला सरळ कारण आहे. चित्रे तो अजून काढतो, हे तुम्ही लिहिलेत आणि मला त्यातून पुष्कळ दिलासा मिळाला. ती काढणेही थांबले, तर तज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवसाचाही उशीर करू नये. ते न थांबताही, तुम्ही लिहिलेल्या एवढ्या गोष्टींवरून मी समुपदेशकांची भेट घ्यावी असेच म्हणेन. आजार आहे हे सिद्ध झाल्यावरच मदत घ्यायची असते, असा काही नियम नाही.

शाळेचे काय करावे? डॅन ओल्वेयस या स्कँडिनेव्हियन संशोधकांनी छळाची जी व्याख्या रूढ केली तिच्यात तीन गोष्टी येतात : त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि त्रास देणारे व सोसणारा यांच्या बळात तफावत असते. एकदा केलेली थट्टा यात बसत नाही. सहा महिने चाललेले, पूर्ण ग्रुपने एकावर केलेले, त्याला जाहीरपणे वगळून केलेले हे वागणे मात्र पूर्णपणे बसते. मारहाण झाली नाही म्हणून ते सौम्य ठरत नाही. तेव्हा शाळेला सांगण्याचे कारण भरपूर आहे. तरीही मुलाच्या पाठीमागे जाऊन तक्रार करू नये, कारण आधीच त्याच्या पाठीमागे एक गोष्ट झालेली आहे. त्याला बरोबर घेऊन ठरवावे : कोणत्या शिक्षकांशी बोलायचे, काय सांगायचे, काय सांगायचे नाही, मुलांची नावे घ्यायची की नाहीत. त्याने काही काळ थांबायला सांगितले, तर थांबावे, पण थांबण्याची मुदत दोघांनी मिळून ठरवावी. मारहाण, धमक्या, पैसे उकळणे, खासगी छायाचित्रे पसरवणे किंवा त्याच्या जिवाला धोका, यांपैकी काही असेल तर मात्र त्याची परवानगी नसतानाही जावे लागेल आणि तसे त्याला जाण्यापूर्वी सांगावे लागेल.

शाळेत गेल्यावर ‘त्या मुलांना धडा शिकवा’ अशी मागणी करण्यापेक्षा नेमके विचारावे की वर्गात बसण्याच्या जागा, मधली सुट्टी आणि गटाने करायची कामे यांत शाळा काय बदलणार आहे आणि आपण पुन्हा कधी भेटायचे. संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. ते मुलानेच काढून द्यावेत. सर्वांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा आणि विसरून जा’ असा समेट शाळेने सुचवला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. जेथे एका बाजूला घोळका आणि दुसऱ्या बाजूला एक मुलगा असतो, तेथे अशा समेटाची किंमत तो एकटाच नंतर चुकवतो. दुसऱ्या मुलांच्या आईवडिलांना परस्पर फोन करणेही टाळलेले बरे. दोन कुटुंबांच्या भांडणात मूळ प्रश्न हरवून जातो.

घोळक्याविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळात किशोरवयीन मुलांनी मित्र पाहत असताना एकटे असतानापेक्षा बराच अधिक धोका पत्करला. प्रौढांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. प्रयोग धोक्याविषयीचा होता, क्रूरतेविषयीचा नव्हता, पण मित्रांची नजर या वयात वागणे किती बदलते हे त्यातून कळते. ग्रुपवर हसण्याच्या चिन्हांची रांग लावणारा प्रत्येक मुलगा एकटा भेटल्यावर तसाच वागेल असे नाही. ज्या मुलाला तुमच्या मुलाने ते वाक्य लिहिले, तो कोण आहे? त्याच्याशी तो अजून बोलतो, म्हणजे एक धागा शाबूत आहे. छळ सोसणाऱ्या मुलांना एक जरी खरा मित्र असला तरी त्या छळाचे परिणाम सौम्य होतात, असे या विषयावरील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून ग्रुपमध्ये परत घेतले जाण्यासाठी त्याने धडपडावे असे मला वाटत नाही. त्या एका मित्राला घरी येण्याची मोकळीक असावी, तो आल्यावर तुम्ही चौकश्या करू नयेत, आणि मुलाची तयारी असेल तर चित्रकलेचा असा एखादा वर्ग शोधावा जेथे निरनिराळ्या वयांची मुले येतात व जेथे त्याची ओळख त्याच्या उंचीवरून ठरत नाही. तेथे जाण्याची सक्ती मात्र नको.

समुपदेशकांचे नाव काढताच तो ‘मी वेडा नाही’ म्हणेल, ही शक्यता गृहीत धरावी. तसे झाले तर वाद न घालता पहिली भेट तुम्ही आणि तुमच्या पतींनी घ्यावी. पालकांनी एकट्याने जाऊन मार्गदर्शन घेणे ही नेहमीची गोष्ट आहे. जाताना गेल्या सहा महिन्यांत काय बदलले, केव्हा बदलले, झोप किती, जेवण कसे, शाळेचे गुण कोठून कोठे आले, हे एका कागदावर लिहून न्यावे, आणि फोनमध्ये वाचलेले ते वाक्य त्यात जसेच्या तसे लिहावे. घरी आल्यावर आपण जाऊन आलो हे त्याला सांगावे आणि पुढच्या भेटीची वेळ कळवावी. यायचे की नाही हे त्याला ठरवू द्यावे. काकांपैकी, मामांपैकी किंवा शिक्षकांपैकी ज्या मोठ्या माणसाशी तो सहज बोलतो असे कोणी असेल, तर त्या व्यक्तीला त्याच्या संमतीने यात घ्यावे. जिवाविषयीच्या प्रश्नाला त्याचे उत्तर ‘हो’ असे असेल, तर मात्र यातले काहीही त्याच्या इच्छेवर सोडायचे नाही. त्याला घेऊनच जायचे.